दारू सोडायची आहे: मीटिंग कशी शोधायची, आणि गेल्यावर काय करायचं

दारू सोडण्यासाठी गटाच्या मीटिंगला जायचं ठरवलेला माणूस बहुधा दोन ठिकाणी अडकतो. पहिली जागा दाराबाहेरची. पत्ता नीट सापडत नाही, किंवा सापडला तरी आत पाऊल टाकायचा धीर होत नाही. दुसरी जागा मीटिंग संपते त्या क्षणाची. खुर्ची मागे सारून तो सरळ घरची वाट धरतो आणि आठवड्याभरात ‘जाऊन बघितलं, आपल्याला काही उपयोग नाही’ असं म्हणायला मोकळा होतो. मधला तास त्यामानाने सोपा, कारण त्या तासात नव्या माणसाने काहीच करायचं नसतं. म्हणून इथे जास्त जागा आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींना दिली आहे.

आधी एक तपासणी

रोज पिणाऱ्या माणसाने, विशेषतः सकाळी हात कापतात म्हणून घोटभर घ्यावी लागते अशा माणसाने, आजपासून एकदम बंद आणि संध्याकाळी मीटिंग असा बेत परस्पर करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत घाम, कापरं, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. काहींना ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भास होतात, भान सुटतं, ताप चढतो. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावी. डॉक्टर काही दिवसांपुरत्या, मात्रा उतरत जाणाऱ्या गोळ्या देतात, सोबत थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतात, आणि गरज वाटली तर दाखल करून घेतात.

गटाकडे यातलं काहीही नसतं. तिथे खाट नाही, सलाईन नाही, डॉक्टर नाही. ‘तीन दिवस कळ काढ, सगळं ठीक होईल’ असं कुणी प्रेमाने सांगितलं तरी ते ऐकू नका. मात्र गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत मीटिंगसाठी थांबायचंही कारण नाही. चालता-बोलता येत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर दोन्ही बरोबरच सुरू करता येतं.

कोणता गट

सगळ्यात जास्त ठिकाणी भेटणारा गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलीत एए. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली बिल डब्ल्यू. नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब नावाचे सर्जन, दोघेही दारूने पुरते खचलेले, एकमेकांशी बोलत बोलत कोरडे, म्हणजे दारूला न शिवता, राहिले. १० जून १९३५ हा एएचा स्थापनादिन मानतात. आज सुमारे १८० देशांत हे गट आहेत. फी नाही, फॉर्म नाही, नावनोंदणी नाही. दारू थांबवायची इच्छा असणं एवढीच सभासदत्वाची अट. दारू आधीच थांबलेली असली पाहिजे असं त्यात कुठेही नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते.

एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे सभासदाने एकामागून एक करायच्या बारा गोष्टींच्या यादीत, ‘ईश्वर’ हा शब्द येतो आणि अनेकजण तिथेच माघारी वळतात. पायऱ्यांमध्येच ‘आपल्याला जसा उमगेल तसा’ अशी मोकळीक ठेवलेली आहे. गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले नास्तिकही एएमध्ये आहेत. तरीही तो सूर अजिबात पटत नसेल तर धर्मनिरपेक्ष एए मीटिंग शोधाव्या, किंवा १९९४ साली सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरीकडे जावं. तिथे पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद नाही, स्वतःला मद्यपी म्हणवून घ्यायची गरज नाही. प्रशिक्षण घेतलेला संचालक विचार आणि सवयी बदलण्याचे व्यायाम करून घेतो, आणि एकमेकांना प्रश्न विचारायला मुभा असते. विमेन फॉर सोब्रायटी हा १९७५ सालचा गट फक्त स्त्रियांसाठी आहे. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी १९५१पासून अल-ॲनॉन आहे आणि घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी अलटीन. ‘नवऱ्याला कसं न्यावं’ हे विचारत फिरणाऱ्या बाईने आधी स्वतः अल-ॲनॉनला जावं. नवरा आला नाही तरी तिचं तिथे काम असतं.

याचा उपयोग होतो का, याचं बऱ्यापैकी भक्कम उत्तर २०२० साली आलं. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं पाहिली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार सलग कोरडं राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. यातला ‘जोडून देणारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि झालं, असं ते उपचार नव्हते. ते जोडून देणं तुमच्यासाठी कुणी करत नसेल तर ते स्वतःच कसं करायचं, तेवढंच पुढे सांगितलं आहे.

आणि गट निवडण्यात महिना घालवू नका. आदर्श पण लांबच्या गटापेक्षा बरा पण जवळचा गट चांगला, कारण तिथे आठवड्यातून तीनदा जाणं होतं.

पत्ता शोधणं

एएच्या आपल्या देशातल्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ‘मीटिंग गाइड’ ॲपवर यादी मिळते. ती नसेल तर एएची हेल्पलाइन, नाहीतर जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. इंग्रजी यादीत वेळेपुढे अक्षरं असतात. ‘ओ’ म्हणजे खुली मीटिंग, तिथे कुणीही येऊन बसू शकतं, नातेवाईकही. ‘सी’ म्हणजे बंद मीटिंग, फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. ‘डी’ चर्चेची, ‘बी’ नवख्यांची, ‘डब्ल्यू’ स्त्रियांची. जागोजागी यात थोडा फरक असतो, तेव्हा यादीच्या तळाशी दिलेला खुलासा वाचावा. पहिल्यांदा जाताना नवख्यांची मीटिंग मिळाली तर उत्तम, नाहीतर खुली.

यादीवर शंभर टक्के विसंबून निघू नका. गटांच्या मालकीच्या इमारती नसतात. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाचं तळघर, समाजमंदिराची मागची खोली अशा जागा भाड्याने घेतलेल्या असतात. त्या बदलतात, सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद असतात, आणि यादी महिनोन्‌महिने जुनीच राहते. मोठ्या धैर्याने निघालेला माणूस कुलूप पाहून परतला की पुन्हा निघायला कधीकधी वर्ष जातं. म्हणून त्याच दिवशी दुपारी हेल्पलाइनवर फोन करून चार गोष्टी विचारून घ्या: आज मीटिंग नक्की आहे का, खुली की बंद, कोणत्या भाषेत, आणि नेमक्या कोणत्या दाराने कितव्या मजल्यावर. शेवटचा प्रश्न गाळू नका. गुप्तता जपायची म्हणून पाटी लहान असते. बरेचदा वर्तुळातल्या त्रिकोणाचं चिन्ह आणि एक बाण काढलेला कागद, एवढंच.

त्याच फोनवर आणखी एक मागणी करता येते आणि ती फार थोडे लोक करतात. ‘दारापाशी कुणी भेटेल का?’ फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः कधीकाळी त्याच दाराबाहेर घुटमळलेला असतो. तो कुणाला तरी उभं करतो.

एकच मीटिंग लिहून ठेवू नका. त्याच आठवड्यातल्या, वेगवेगळ्या दिवसांच्या तीन लिहा. पहिली हुकली किंवा पटली नाही तर बेत मोडत नाही.

घराबाहेर पडणं अशक्य असेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत. त्यात शिरण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव बदलून फक्त पहिलं नाव ठेवा. ऑफिसच्या खात्यातून आत शिरलेल्या माणसाचं आडनाव आणि कंपनी सगळ्यांना दिसते, हा घोळ नेहमी होतो. हेडफोन लावा, म्हणजे इतरांचं बोलणं तुमच्या घरात ऐकू जाणार नाही. मात्र जवळपास प्रत्यक्ष गट असेल तर लवकरात लवकर तिकडे जा.

त्या दिवशी

पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा येणारा दारालगतच्या खुर्चीवर बसतो, सगळ्यांच्या नजरा झेलतो आणि सगळ्यांत आधी सटकतो. लवकर गेलं की खोलीत दोन-तीनच माणसं असतात, कुणी खुर्च्या मांडतंय, कुणी चहा-कॉफीचं बघतंय. त्यातल्या एकाला ‘मी पहिल्यांदाच आलोय’ एवढं म्हणा. पुढचं ते बघतात.

पिऊन झाली असेल तर? तरीही जाता येतं. बहुतेक गट शांत बसलेल्या माणसाला बाहेर काढत नाहीत. फक्त त्या दिवशी बोलू नये, आणि गाडी तर मुळीच चालवू नये. बाटली सोबत नेऊ नये हे सांगायला नको. कोर्टाकडून किंवा नोकरीच्या ठिकाणाहून हजेरीचा कागद मिळाला असेल तर तो मीटिंग सुरू होण्याआधी चेअरपर्सनच्या हातात द्या. सगळे गट सही करतातच असं नाही, आणि मीटिंग संपल्यावर त्या माणसाभोवती घोळका असतो.

आतला तास

मीटिंग ६० किंवा ९० मिनिटांची असते. चेअरपर्सन एए म्हणजे काय याचा ठरलेला परिच्छेद वाचतो, कुणी बारा पायऱ्या वाचतं. मग ‘आज कुणी पहिल्यांदा आलंय का?’ असं विचारतात. हात वर करणं सक्तीचं नाही, पण करावा. मीटिंगनंतर तुमच्याशी कुणी बोलायचं हे लोकांना त्यावरूनच कळतं. नंतर शेअरिंग. एकेकजण ३ ते ५ मिनिटं बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. नवख्यांना हे खटकतं. एखादा बोलता बोलता रडतो, आणि शेजारचा ‘धन्यवाद’ म्हणतो की पुढचा सुरू! यात कोरडेपणा नाही. मध्येच कुणी तपासायला, समजवायला बसणार नाही ही खात्री असते म्हणून माणसं तिथे खरं बोलतात. ज्याला त्या रडणाऱ्याशी बोलायचं असतं तो मीटिंग संपल्यावर त्याला गाठतो.

तुमची पाळी आली तर ‘मी अमुक, आज फक्त ऐकायला आलोय’ हे पुरतं. ‘मी मद्यपी आहे’ असं पहिल्या दिवशी म्हणायलाच हवं असा नियम नाही. फक्त पहिलं नाव सांगायचं. पैशांची पिशवी फिरते, कारण एए बाहेरून देणग्या घेत नाही आणि खोलीचं भाडं सभासदच भरतात. पहिल्यांदा आलेल्याने पिशवी पुढे सरकवली तर कुणाला काही वाटत नाही. काही गट कोरड्या दिवसांची नाणी देतात. २४ तासांचं नाणं हे बहुधा ज्याने आजच सुरुवात केली त्याच्यासाठी असतं. शेवटी सगळे उभे राहून, काही ठिकाणी हात धरून, एक छोटी प्रार्थना म्हणतात. म्हणायची नसेल तर नुसतं उभं राहावं.

ऐकताना एका सापळ्यापासून जपायचं. समोरचा तुरुंगाबद्दल, मोडलेल्या संसाराबद्दल बोलतो आणि आपलं मन लगेच हिशोब मांडतं: माझं एवढं झालेलं नाही, म्हणजे मी यांच्यातला नाही. त्याऐवजी त्याच्या बोलण्यातले बारीक तुकडे धरा. फ्लशच्या टाकीत बाटली लपवणं. दुकान बंद व्हायला किती वेळ उरलाय हे सारखं घड्याळात बघणं. पाहुणा एक पेग घेऊन थांबला की आतून त्याचा राग येणं. रिकाम्या बाटल्या आपल्या कचऱ्यात दिसू नयेत म्हणून दुसरीकडे नेऊन टाकणं. तुरुंग एखाद्याच्याच वाट्याला येतो, पण हे तुकडे त्या खोलीत जवळजवळ प्रत्येकाकडे असतात.

गुप्ततेबद्दलही नीट समजून घ्यावं. इथे कोण भेटलं आणि काय ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही, हा शिरस्ता फार मनापासून पाळला जातो. पण तो शब्द माणसांनी एकमेकांना दिलेला असतो. वकील किंवा डॉक्टर यांच्याशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते बहुतेक ठिकाणी मीटिंगमधल्या बोलण्याला नसतं. चालू खटल्याचा किंवा गुन्ह्याचा तपशील असेल तर तो वकिलाकडेच बोलावा.

नंतरची पंधरा मिनिटं

जाऊ नका. खुर्च्या उचलायला लागा, कप गोळा करा. हाताला काम असलं की बोलणं आपोआप निघतं. तीन फोन नंबर घ्या, शक्यतो पुरुषांनी पुरुषांचे आणि स्त्रियांनी स्त्रियांचे. बरेच गट नवख्याला नंबरांची छापील यादी देतात, पण त्या यादीला चेहरे नसतात. ज्याच्याशी दोन मिनिटं बोलणं झालं त्याचा एक नंबर अख्ख्या यादीपेक्षा मोलाचा.

मग दुसऱ्या दिवशी, तलफ नसताना, फोन करा. ‘काल भेटलो होतो, नंबर बरोबर लागतोय का बघत होतो’ इतकं बोलून ठेवला तरी चालेल. तलफ चढलेली असते तेव्हा पहिल्यांदाच कुणाला फोन लावणं जवळपास कुणालाच जमत नाही. आधी चार वेळा साधं बोलणं झालेलं असेल तर पाचव्यांदा अवघड बोलणंही होतं. समोरच्याला त्रास होईल ही भीती बाळगू नका. नवख्याचा फोन घेणं हा त्याच्या स्वतःच्या कोरडं राहण्याचा भाग असतो, दुसऱ्या मद्यपीपर्यंत मदत पोचवणं ही बारावी पायरीच आहे.

पहिले तीन महिने

‘९० दिवसांत ९० मीटिंग’ असं लोक सांगतील. तो नियम नाही, चालत आलेला सल्ला आहे, पण सल्ला चांगला आहे. जमत नसेल तर आठवड्याच्या तीन-चार मीटिंग ठरवून टाका आणि त्या मूडवर सोडू नका. गटागटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक शिस्तीचा, एक गप्पिष्ट, एखाद्यात तेच चार जण दर वेळी तेच बोलणारे. किमान तीन गटांतल्या मिळून सहा मीटिंग होईपर्यंत ‘मला जमत नाही’ असा निकाल देऊ नये. त्यातला जो बरा वाटेल तो आपला घरचा गट धरावा आणि तिथे एखादं किरकोळ काम मागून घ्यावं. खुर्च्या मांडायचं काम ज्याच्याकडे आहे तो आला नाही तर लोकांच्या लक्षात येतं आणि फोन येतो. नुसता बसणारा माणूस महिनाभर आला नाही तरी कुणाला पत्ता लागत नाही.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांमधून आधी गेलेला आणि आता तुम्हाला नेणारा माणूस. किमान वर्षभर कोरडा असलेला आणि ज्याला स्वतःचा स्पॉन्सर आहे असा शोधावा. ‘काही आठवडे तात्पुरते स्पॉन्सर व्हाल का?’ असं विचारायला सोपं जातं, नकार आला तरी लागत नाही आणि पुढे बदलताही येतो. चौथ्या पायरीत स्वतःचा लेखाजोखा लिहायचा असतो आणि पाचवीत तो कुणाला तरी वाचून दाखवायचा असतो, तेव्हा विश्वास बसेल असाच माणूस हवा.

काही गोष्टी दिसल्या की सरळ दूर व्हावं. स्पॉन्सर पैसे मागतो किंवा धंद्यात ओढतो. नवख्या बाईशी जरा जास्तच सलगी करतो. याला गटांतच उपरोधाने ‘तेरावी पायरी’ म्हणतात. किंवा ‘गोळ्या पण नशाच, बंद कर’ असं सांगतो. एएच्या स्वतःच्या पुस्तिकेतच सभासदांनी डॉक्टर होऊ नये असं लिहिलेलं आहे. नैराश्याच्या गोळ्या, किंवा दारू सोडायला मदत करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं, यांचा निर्णय डॉक्टरांचा. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली तर त्रास होतो ती गोळी, घेत असाल तर खोकल्याच्या औषधावर आणि माउथवॉशवर अल्कोहोलचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत दारूची रिॲक्शन येऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

तलफ आली की आधी चार गोष्टी तपासायच्या: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक जरी निघालं तरी आधी त्याचा बंदोबस्त करायचा, मग फोन. संध्याकाळी पाच ते आठ उपाशीपोटी काढणाऱ्यांना हा तपास विशेष कामाचा आहे.

घसरलात तर

खूप जण घसरतात. प्यायल्यापेक्षा जास्त नुकसान त्यानंतर गटाला तोंड न दाखवण्याने होतं. त्याच आठवड्यात परत जा, शेअरिंगमध्ये एका वाक्यात सांगा, आणि त्याआधी स्पॉन्सरला किंवा त्या तीन नंबरांपैकी एकाला फोन करा. कोरड्या दिवसांची तारीख नवी लागते, बाकी गटात काहीही बदलत नाही. हजेरी कुणी लिहून ठेवलेली नसते आणि परत का आलात असं कुणी विचारत नाही. मात्र सलग काही दिवस पिणं झालं असेल तर पुन्हा एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक खेपेला दारू तुटतानाचा त्रास आधीपेक्षा तीव्र होऊ शकतो. मागच्या वेळी घरच्या घरी निभावलं म्हणून या वेळीही निभावेल असं धरून चालू नका.